ओळींतून स्तंभांकडे
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



प्रयोगशाळेच्या संगणकात प्रत्येक तपासणी स्वतंत्र ओळीत नोंदली जाते. हिमोग्लोबिनची एक ओळ, क्रिएटिनिनची दुसरी, साखरेची तिसरी. साठवणीस ही रीत सोयीची. परंतु खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना सर्व आकडे एका तारखेसमोर, शेजारी-शेजारी हवे असतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना हे नवे नाही. रोजकीर्दीतील नोंदी खातेवहीत उतरवल्यावाचून शिल्लक कळत नाही.

एसक्यूएलच्या क्वेरीत 'केस' प्रत्येक तपासणीस तिचा स्तंभ देते व 'ग्रुप बाय' रुग्ण आणि तारखेनुसार ओळी एकत्र आणते. नवी आज्ञावली विकत घ्यावी लागली नाही, हे देणगीदारांस आवर्जून सांगतो.

मात्र एका चौकटीत एकच आकडा मावतो, आणि तो निवडण्यास बहुधा 'मॅक्स' वापरतात. 'मॅक्स' सर्वांत मोठा आकडा घेते, सर्वांत अलीकडचा नव्हे. समजा, सकाळी हिमोग्लोबिन ११.२ होते आणि सायंकाळी ८.४ झाले. दिवसाची एकच ओळ केल्यास कागदावर ११.२ उरते, रक्तस्रावाची खूण झाकली जाते. म्हणून आम्ही तारखेसोबत नमुना घेतल्याची वेळही धरतो. न झालेल्या तपासणीची चौकट रिकामी ठेवतो, तेथे शून्य लिहीत नाही. मूळ ओळी जशाच्या तशा राहतात.

घरी जाताना हा तक्ता रुग्णास दिला जातो. पुढील तपासणीस येताना तो सोबत आणावा, ही विनंती.