योग : जुना शब्द, नवा व्यायाम



योगाभ्यासाला नव्याने आरंभ करू इच्छिणाऱ्यांसमोर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले आहे. आसने शिकविणे हे शिक्षकाचे काम. त्यात मी हात घालणार नाही. योग कोठून आला आणि त्यापासून शरीराला काय लाभते, एवढ्या दोन प्रश्नांपुरतेच मी बोलेन. या दोहोंविषयी आपल्याकडे श्रद्धा पुष्कळ आहे आणि चौकशी थोडी.

योग पाच हजार वर्षांचा जुना आहे, असे वारंवार ऐकू येते. त्याला आधार म्हणून मोहेंजोदडो येथील एका मुद्रेकडे बोट दाखविले जाते. तीवर मांडी घालून बसलेली आकृती आहे हे खरे. परंतु ती योग्याचीच आहे काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि सिंधू लिपीचा उलगडा होईपर्यंत ते होण्याचा संभवही कमी. पायाखाली पक्की जमीन लागते ती उपनिषदांत. इंद्रियांना स्थिर धरून ठेवणे या अर्थाने योग हा शब्द कठोपनिषदात आला आहे. पुढे पतंजलीने दोनशेहून थोड्या कमी सूत्रांत या शास्त्राची मांडणी केली. त्यांपैकी आसनाच्या वाट्याला आली अवघी तीन. आसन म्हणजे बैठक. सुखाने आणि न डळमळता दीर्घकाळ बसता यावे, इतकीच तेथे अपेक्षा आहे. ग्रंथकर्त्याचे लक्ष चित्ताकडे होते, पाठीच्या कण्याकडे नव्हे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला हा अनुभव नित्याचाच आहे : शब्द तोच राहतो आणि त्याच्या पोटातील वस्तू पालटते.

ती पालटली मध्ययुगात, हठयोग्यांच्या हातून. मराठी वाचकाला हे नवे वाटू नये, कारण आसन, बंध आणि कुंडलिनी यांचे विस्तृत वर्णन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ज्ञानेश्वरीचा काळ १२९०. त्यानंतर, सामान्यतः पंधराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या हठयोगप्रदीपिकेत स्वात्मारामाने पंधरा आसने सांगितली. त्यांत मयूरासनासारखी, बैठक मुळीच नसलेली आसने आहेत आणि अमुक आसनाने अमुक रोग जातो, अशी फलश्रुतीही आहे. मात्र आजच्या वर्गांत जी अनेक उभी आसने शिकविली जातात, ती या ग्रंथांत सापडत नाहीत. त्यांची घडण मुख्यतः विसाव्या शतकातील. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. म्हैसूरच्या राजाश्रयाने कृष्णम्माचार्यांनी १९३३ पासून जी योगशाळा चालविली, तिच्याशी बी. के. एस. अय्यंगार आणि पट्टाभी जोइस या दोघांच्याही परंपरा जोडलेल्या आहेत. याने योगाला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. जिवंत विद्या वाढतेच.

या काळातील माझ्या विशेष आदराचे पुरुष म्हणजे स्वामी कुवलयानंद. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली करताना पोटात नेमके काय होते, हे क्ष-किरणांनी पाहावे आणि दाबमापकाने मोजावे, ही त्यांची वृत्ती. मोठ्या आतड्यातील दाब त्या वेळी बाहेरील हवेच्या दाबाखाली उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले. योगाचे गुणगान करणारे तेव्हाही अगणित होते. मोजमाप घेणारा हा जवळजवळ पहिलाच.

आता लाभाकडे वळू. प्राणायामाने रक्तात भरपूर प्राणवायू शिरतो, असे सांगितले जाते. निरोगी माणसाच्या धमनीतील रक्त प्राणवायूने मुळातच जवळजवळ पूर्ण भरलेले असते; दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही. लाभ होतो तो गती मंदावल्याने. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले, की हृदयाच्या ठोक्यांचा चढउतार श्वासाशी जुळू लागतो आणि रक्तदाब सावरणारी मज्जातंतूंची यंत्रणा अधिक तत्पर होते. जुनाट कंबरदुखीत योगाने काहीसा आराम पडतो, हेही पुष्कळ चाचण्यांवरून दिसते. तथापि तो इतर योग्य व्यायामाहून फार अधिक नसतो. उच्च रक्तदाबात थोडी घट होते. थोडी, हा शब्द मी मुद्दाम वापरतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी एका शिबिराहून परतल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या. चौथ्या महिन्यात त्यांना पक्षाघात झाला. त्यांना गोळ्या सोडण्यास सांगणारा मनुष्य दुष्ट नव्हता; त्याचा स्वतःचा तसा विश्वास होता, आणि म्हणूनच तो अधिक भयावह. ज्या मधुमेहात शरीर इन्सुलिन तयारच करीत नाही, तेथे कोणत्याही आसनाने ते तयार होणार नाही. औषध कमी करावयाचे की नाही, हे रक्तदाब आणि साखर मोजून वैद्यानेच ठरवावे.

काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन करू नये. त्यात डोळ्यांतील दाब सुमारे दुपटीवर जातो. अनावर रक्तदाब, मानेच्या मणक्यांचा विकार किंवा अंतर्गळ असणाऱ्यांनीही उलटी आसने टाळावीत. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. ताण जाणवावा, कळ उठली तर तेथेच थांबावे. श्वास कोंडून धरण्याची घाई तर मुळीच नको. प्राणायाम हा सिंह, हत्ती किंवा वाघ माणसाळविण्यासारखा हळूहळू साधावा, असे प्रदीपिकाकारानेच बजावले आहे, आणि चुकीच्या अभ्यासाने होणाऱ्या उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे दुखणे या व्याधींची यादीही लागलीच दिली आहे. यानंतर होणाऱ्या प्रात्यक्षिकात म्हणूनच कुंभक ठेवलेला नाही.