चौदा एप्रिलची रजा



परदेशी गेलेला माणूस सणासुदीला झुरतो म्हणतात. कबूल. पण कोण कुठल्या दिवसासाठी झुरतो, तेही विचारा ना!

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो. न्यूयॉर्क शहरात दिवाळीला शाळांना सुट्टी द्यायचा कायदा २०२३ साली झाला. त्यांचे सण त्यांच्या पाठोपाठ विमानानं गेले. आणि आपल्या वस्तीतून शिकून गेलेलं पोरगं? त्याला आठवते तेरा तारखेची रात्र. बाराच्या ठोक्याला फटाके, गल्लीभर निळे झेंडे, पांढऱ्या साडीतली आई, सकाळची वंदना, संध्याकाळची मिरवणूक. महाराष्ट्रात चौदा एप्रिलला सरकारी सुट्टी. तिथं साधा कामाचा दिवस.

मग रजा टाकावी की! इथंच गोम आहे. साहेब कारण विचारणार नाही कदाचित, पण बाजूच्या टेबलावरचा देशबांधव विचारतोच, 'आज कसला सण रे?' बाबासाहेबांचं नाव घेतलं की जात उघडी पडते. गोऱ्याला त्यातलं काही कळत नाही, याला एका शब्दात सात पिढ्या कळतात. पोरगं मग 'तब्येत बरी नाही' म्हणतं. जयंती होते रविवारी, भाड्याच्या हॉलात. ज्या न्यूयॉर्कात बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथंच त्यांची जयंती आजारपणाच्या रजेखाली दडवायची!

त्याच देशातली दुसरी गोष्ट ऐका. मार्टिन ल्यूथर किंगचा खून ४ एप्रिल १९६८ला झाला. चार दिवसांत जॉन कॉन्यर्स या काळ्या खासदारानं त्याच्या जयंतीच्या सुट्टीचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९८३ साल उजाडलं, पहिली सुट्टी मिळाली १९८६ला. मधल्या काळात लाखो सह्या झाल्या, मोर्चे निघाले. साउथ कॅरोलायनानं तर २००० सालापर्यंत ताणून धरलं. ज्यांच्या ब्लॅक पँथरकडे बघून १९७२ साली आपली दलित पँथर उभी राहिली, त्या माणसांना सुट्टी कुणी ताटात वाढली नव्हती.

आपल्या बाजूनंही थोडं सरकलंय. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २०२१ साली १४ एप्रिल हा डॉ. आंबेडकर समता दिन म्हणून जाहीर केला. सिॲटल शहरानं २०२३च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करायला कायद्यानं बंदी घातली. सुट्टी यातून मिळाली नाही. पण दिवसाला सरकारी कागदावर नाव आलं, आणि एका शहरात तरी हे नाव घेणाऱ्याच्या पाठीशी कायदा आला.

म्हणून तिकडच्या भावाबहिणींना माझं एकच सांगणं. एकट्यानं अंगावर घेऊ नका, एकटा माणूस चिरडला जातो. त्या रविवारच्या हॉलातच ठरवा. पुढच्या वर्षी दहा जणांनी एकाच दिवशी रजा टाका, आणि कारण एकच लिहा : बाबासाहेबांची जयंती.

जय भीम!