सोलापूरनगरीत आपले स्वागत



सिद्धरामेश्वरांच्या या नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. मी चादरी विणणारा माणूस. 'वैद्यकीय संशोधनातील प्राणी आणि नीती' या परिषदेत माझे काय काम, असे मी निमंत्रकांना विचारले. ते म्हणाले, "निवास आणि भोजन." ते पार पाडले आहे, आता थोडे बोलण्याचा हक्क वसूल करतो.

बाहेरच्यांना सोलापूर म्हणजे चादर आणि शेंगाचटणी. 1930 साली इथे मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले, हे मात्र आम्हालाच सांगावे लागते. आणि आमचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस! 1910 साली याच गावात जन्मले, 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तोफांच्या आवाजात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 1942 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत. कोटणीसांवर मी तासभर बोलू शकतो, पण निमंत्रक घड्याळाकडे बघताहेत.

तर विषय. आमच्याकडे उसाच्या फडात घोणस चावली की माणसाला जे इंजेक्शन देतात, ते घोड्याच्या रक्तातून येते. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थेत घोड्याला थोडेथोडे विष टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेला उतारा आपल्याला मिळतो. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांचे नाव असते, घोड्याचे नसते. प्राण्यांसाठी 1960 चा कायदा आहे, प्रयोगांसाठी 1998 चे नियम आहेत, प्रयोगाआधी संस्थेच्या समितीची मंजुरी लागते. ती समिती नुसत्या सह्या करणारी असावी की "उंदरांऐवजी दुसरे काही चालणार नाही का?" असे विचारणारी, एवढे जरी आपण दोन दिवसांत ठरवलेत, तरी आमच्या पंगतींचे चीज झाले.

आता क्षमा. पाणी टँकरचे आहे, आंघोळ आटोपशीर करावी. काही पाहुण्यांना तिसऱ्या मजल्यावर खोल्या मिळाल्या आणि लिफ्ट रुसली. पांजरापोळ चौक हे नाव ऐकून एक प्राध्यापक परिषद तिथेच असणार असे समजून उतरले. त्यांना रिक्षाने आणले आहे. यंत्रमागधारक बंधू, मार्केट यार्डातील आडते, डाळमिलवाले, मंडपवाले, पहाटेपासून राबणारे विद्यार्थी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर मोठी रक्कम देणारे ते गृहस्थ (पहिल्या रांगेत बसले आहेत, ओळखा), सर्वांचा मी ऋणी आहे.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. दही आधी वाढून घ्यावे.