उरलेलें आणि उष्टें



मराठी भाषेनें शिल्लक अन्नासाठीं चार निरनिराळे शब्द जपून ठेवले आहेत. पातेल्यांत राहतें तें उरलेलें, रात्र ओलांडतें तें शिळें, कोणाच्या ताटांतून परत येतें तें उष्टें, आणि ज्याला वास सुटतो तें नासलेलें. सुशिक्षितांच्या घरांत या चार शब्दांमधील कुंपणें अलीकडे मोडूं लागलीं आहेत, आणि त्याचा भार पडतो तो दाराशीं उभ्या असलेल्या कष्टकऱ्यावर.

वऱ्हाडांतील धामणगांव रेल्वे हें गांव उदाहरणादाखल घ्यावें. धामणगांव नांवाचीं गांवें या भागांत एकाहून अधिक असल्यामुळें स्टेशनाच्या या गांवाला 'रेल्वे' हें जणूं आडनांवच चिकटलें. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोंचला. त्या मार्गाच्या आणि कापसाच्या आधारानें हें गांव वाढलें. जिनांत कापूस वाहणाऱ्या बाया, बाजाराच्या आवारांत पोतीं उचलणारे हमाल आणि घरोघरीं धुणेंभांडीं करणाऱ्या मोलकरणी यांच्या श्रमावर येथील व्यवहार चालतो. अशा घरांतील स्त्री पहांटे उठून ज्वारीच्या भाकरी थापते. फडक्यांत भाकर, ठेचा व कांदा बांधून कामाला निघते. रात्रीं एखादी भाकर उरलीच, तर सकाळीं ती कुस्करून कांद्याच्या फोडणींत परततात. तिच्या घरीं अन्न वायां जात नाहीं, याचें सद्गुण म्हणून फार कौतुक करण्याचें कारण नाहीं. मोजकें पीठ आणणाऱ्या घरांत फेकण्याजोगें उरणार तें काय?

फेकलें जातें तें इतरत्र. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत सुमारें १०५ कोटी टन अन्न वायां गेलें. त्यांतील सुमारें तीनपंचमांश हिस्सा घरगुती स्वयंपाकघरांतला होता. या आंकड्यांत सालीं, देंठ, हाडें हींही धरलेलीं आहेत, हें सांगितलें पाहिजे. तरीही दोष हॉटेलांवर ढकलून घरांना मोकळें होतां येत नाहीं.

शीतकपाटानें या प्रश्नाला एक नवीच कला दिली आहे. भाजी उरते; ती आंत जाते; तीन दिवस कोणी तिच्याकडे पाहत नाहीं. चौथ्या दिवशीं ती फेकण्यास मन धजत नाहीं, म्हणून मोलकरणीला हांक येते, "घेऊन जा ग, मुलांना होईल." "बरं बाई," असें म्हणून ती डबा भरून घेते, कारण नाहीं म्हणण्याची तिला सोय नसते. कोपऱ्यावरच्या गाईपुढें ती भाजी रिती होते. पुण्य मात्र घराच्या खातीं जमा झालेलें असतें!

ती भाजी गाईपुढें गेली तर तें बरेंच म्हणावयाचें. खरा धोका भाताचा आहे. भातांत आढळणाऱ्या एका जंतूचीं बीजें शिजवूनही मरत नाहींत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत भात कांहीं तास बाहेर राहिला, तर त्यांपासून जंतू वाढतात व विष तयार करतात. तें विष पुन्हां तापविल्यानेंही जात नाहीं. पगारदाराला त्यामुळें ओकाऱ्या झाल्या तर एक रजा खर्ची पडते. हमालाची त्या दिवसाची मजुरी जाते.

उष्टें देण्याघेण्याची ही रीत जुनी आहे, आणि तिला जातीचा इतिहास आहे. वरिष्ठांच्या ताटांतलें उष्टें आणि शिळे तुकडे यांवर अस्पृश्यांनीं जगावें, अशी गांवगाड्याची व्यवस्था होती. मार्च १९२७ मध्यें महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या बांधवांना असें अन्न सोडण्यास सांगितलें. भुकेल्यांना अन्न नाकारावयास सांगणें ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या अन्नाची किंमत मानानें मोजली जात होती, हें त्यांनीं ओळखलें होतें.

अमरावती जिल्ह्यांतच, शेंडगांवीं, १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं हीच गोष्ट आपल्या आचरणानें दाखविली. हातीं खराटा आणि जवळ मातीचें गाडगें, एवढाच त्यांचा संसार. गांवांत शिरतांच ते आधीं रस्ते झाडीत आणि मग भाकर मागत. श्रमाआधींची भाकर त्यांना नको असे. कर्ज काढून जेवणावळी घालणाऱ्यांवर तर त्यांचा कीर्तनांतून सतत प्रहार असे.

जेवणावळींचें रूप आतां पालटलें आहे. पंगतींत वाढपी विचारून वाढीत असे. शिल्लक राहिलेलें अन्न पातेल्यांतच, म्हणजे स्वच्छ, राही. अर्थात् आग्रहाचा जुलूम पंगतींतही होताच, आणि जिलबीच्या पैजांनीं पुष्कळ पानें खराब केलीं आहेत. परंतु उभ्यानें जेवण्याच्या पद्धतींत पाहुणा स्वतःच दहा पदार्थांची रास ताटांत रचतो, त्यांतील निम्मी टाकतो, आणि जें उरलेलें राहिलें असतें तें उष्टें होऊन बसतें. मग तें कोणालाही देतां येत नाहीं.

राज्य शासनानें २६ जानेवारी २०२० रोजीं शिवभोजन योजना सुरू केली, तेव्हां १० रुपयांच्या ताटांत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात ठरलेला होता. लग्नघरच्या राशीपुढें तें ताट लहान खरें. पण गरम आणि स्वतःच्या पैशाचें. केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेंही २०१९ सालीं उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम केले. अन्न खाण्यायोग्य असतांनाच तें पोहोंचावें, हा त्यांचा रोख आहे.

यासाठीं लग्नघराला फारसें कांहीं करावें लागत नाहीं. आचाऱ्याशीं बोलणें करतांनाच माणसें नीट मोजून सांगावीं, पातेलीं एकदम उघडूं नयेत, उरण्याचा अंदाज येतांच तें झांकून लगेच रवाना करावें. आणि भांडीं घासणाऱ्या बायांचीं ताटें पहिल्या पाहुण्यांबरोबरच वाढावीं. आज त्यांच्या डब्यांत अन्न पडतें तें रात्रीं बाराच्या सुमारास, सारे पांगल्यावर. त्या घरीं पोहोंचतात तेव्हां मुलें केव्हांच निजलेलीं असतात.