जाहिरातीच्या ई-पत्रातली मराठी

(जांबोटी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

भाषेच्या व्यासपीठावर मी दुकानाच्या ई-पत्रांविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण आपल्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातला माल आता इंटरनेटवरही विकला जातो. गिऱ्हाइकाला दुकानाकडून येणारे पत्र मात्र बहुधा इंग्रजीत असते, आणि मराठीत आलेच तर वाचताना ठेच लागते. ते नीट मराठीत कसे लिहावे, हा आपलाच विषय आहे.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊ. तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि बेळगावसह कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. समजा, निपाणीकडचा एक कारागीर ती ऑनलाइन विकतो. पत्राच्या साच्यात तो लिहितो, ‘तुमची चप्पल ____ला निघाली.’ रिकाम्या जागी संगणक गावाचे नाव भरतो. बेळगावला, जांबोटीला, कोल्हापूरला, इथवर ठीक चालते. पुढे ‘पुणेला’, ‘ठाणेला’, ‘गोवाला’ अशी पत्रे जातात. इंग्रजीत गावाचे नाव बदलत नाही. मराठीत प्रत्ययाआधी त्याचे सामान्यरूप होते. उपाय सोपा आहे : ‘पोहोचवण्याचे ठिकाण : पुणे’ असे लिहावे. लिंगाचेही तसेच. चप्पल निघाली, कुंदा निघाला, तूप निघाले. ‘पार्सल निघाले’ म्हटले की तिन्हींचे भागते. असा साचा तपासायला व्याकरण जाणणारा माणूस लागतो.

दुसरी अडचण अक्षरांची. छापखान्यात अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. तो मजकूर पत्रात चिकटवला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. म्हणून दुकानदार सगळी जाहिरात चित्र करून पाठवतो. चित्र उघडले नाही तर पत्र कोरे. अंध वाचकाचे वाचनयंत्र त्यातला शब्द वाचू शकत नाही. पुढे शोधायला गेले तर सापडतही नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, चित्र फक्त मालाचे असावे.

मांडणीही देवनागरीला मानवेल अशी हवी. आपल्या मात्रा वर-खाली जातात, म्हणून ओळींत अंतर थोडे जास्त ठेवावे. अक्षरे ताणून लांब केली तर शिरोरेषा तुटते. एका पत्रात एकच गोष्ट सांगावी आणि एकच ठळक बटण द्यावे. त्यावर ‘येथे क्लिक करा’ यापेक्षा ‘माप निवडा’ किंवा ‘एक जोड मागवा’ असे लिहावे. पुढे काय होणार ते गिऱ्हाइकाला कळते. विषयाच्या ओळीत किंमत, वस्तू, मुदत यांपैकी जे खरे महत्त्वाचे ते आधी यावे, कारण मोबाइलवर उरलेली ओळ कापली जाते.

पत्राचे वजनही पाहावे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ हा शब्द पंधरा बाइटांचा, रोमन लिपीत तोच सातांचा. जीमेल सुमारे १०२ केबीपलीकडचे पत्र कापून दाखवते. वजन बहुतेक साच्यातल्या अनावश्यक संकेतांनीच वाढते, तेव्हा ते आधी काढावेत. कापले जाते ते शेवट, आणि ‘पत्रे नकोत’ हा दुवा तिथेच असतो. तो सापडला नाही की वैतागलेला माणूस ‘स्पॅम’ दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने रोज ५,००० वर पत्रे पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितले. छोट्या दुकानदारानेही ही शिस्त पाळावी. तक्रारी वाढल्या तर त्याची चांगली पत्रेही स्पॅममध्ये जाऊन पडतात.

शेवटी आपल्या भागापुरते. इथले गिऱ्हाईक मराठी वाचणारे असेल, कन्नड वाचणारे असेल, दोन्ही वाचणारेही असेल. आडनावावरून किंवा गावावरून भाषा ठरवू नये. नाव नोंदवतानाच ‘पत्र कोणत्या भाषेत पाठवू?’ असे विचारावे आणि सांगितले तसे पाठवावे.

शिक्षक मंडळींना एक विनंती आहे. पत्रलेखनाच्या तासाला मुलांकडून असे एक पत्र लिहून घ्या, त्यात दहा गावांची नावे भरायला सांगा आणि कुठे अडते ते त्यांनाच शोधू द्या. सामान्यरूप त्यांना पुन्हा शिकवावे लागणार नाही.