भांडी घासताना सम्यक स्मृती
(वर्षावासात विहारात झालेले भाषण)



ध्यान म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे इगतपुरीचे धम्मगिरी येते. दहा दिवसांच्या शिबिराला एकदा जाऊन यावे असे आम्हा महिला मंडळाच्या सभासदांनाही वाटते. पण घर कोणावर टाकून जावे हा प्रश्न सुटत नाही. सतिपट्ठान सुत्तात मात्र केवळ मांडी घालून बसणे सांगितलेले नाही. चालणे, वाकणे, हात लांब करणे, चीवर पांघरणे, खाणे-पिणे, इतकेच काय, शौचाला जाणेसुद्धा भिक्खूने जाणीवपूर्वक करावे, असे तथागतांनी तेथे सांगितले आहे. मग भांडी घासणे त्यातून कसे सुटेल?

आम्ही करून पाहिले. रात्री करपलेले भाताचे पातेले पुढ्यात घेतले. हात पातेल्यात आणि मन मुलाच्या फीमध्ये, नाहीतर शेजारणीच्या टोमण्यात! मन पळाले हे ध्यानात आले, की त्याला पुन्हा घासणीच्या खरखरीवर, पाण्याच्या गारव्यावर आणायचे. एवढीच साधना. वेळ नेहमीइतकाच लागला, पण उठताना रोजची चिडचिड नव्हती. दुसऱ्या दिवशी ती परत आली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

परंतु येथे एक धोका आहे. थेरीगाथेतील मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबड्या नवरा यांच्यापासून सुटल्याचा आनंद व्यक्त करते. तिला कोणी 'उखळापाशीच शांती शोध' म्हणाले असते तर? आमच्या आया-आज्यांनी दुसऱ्यांची खरकटी काढण्यात आयुष्य घालवले. त्यांच्या लेकींना कामातच सुख माना, असा उपदेश करणाऱ्याने आधी स्वतः घासणी हातात घ्यावी.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. आनंदांनी पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजवले. हे काम त्यांनी कोणा उपासिकेवर सोपवले नाही.

म्हणून येत्या पौर्णिमेला भोजनदानानंतरची मोठी पातेली पुरुष सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी घासावीत, अशी आमची विनंती आहे. घासण्या आणि साबण महिला मंडळ देईल.