एवढा पाऊस पडतो, मग हंडा रिकामा का?

तुम्ही आत्ता लोकलमध्ये असाल, नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. मीही त्याच ट्रॅफिकमधला. बीटेक केलं, दिवसभर कोड लिहितो. पण माझं आजोळ आंदर मावळात, डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत. आजचा विषय तिथलाच आहे, पाण्याचा.

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर तुम्हीसुद्धा रील काढलं असेलच. आणि याच मावळ तालुक्यात, मे महिन्यात, माझी मामी पहाटे झऱ्यावर नंबर लावते. दोन हंडे भरायला तासभर जातो.

असं का होतं? पहिलं कारण पायाखाली आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी सहजासहजी पीत नाही. भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात मुरेल तेवढंच राहतं, बाकीचं उतारावरून पळून जातं. दिवाळीला खळखळणारा झरा होळीनंतर थेंबावर येतो.

दुसरं कारण, साठवलेलं पाणी जातं कुणाकडे? लोणावळा, वळवण, शिरवटा या टाटांच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला उतरतं आणि त्यावर वीज बनते. मुंबईसाठी हे १९१५ पासून चालू आहे. पवना धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. त्याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहराला पाणी नको असं कुणी म्हणत नाही. मी स्वतः तेच पाणी पितो. पण धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्याच्या घरात हंडा रिकामा असेल, तर हिशोब चुकलाय एवढं नक्की.

तिसरं कारण, पावसाचा बदललेला स्वभाव. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. धो धो पाऊस मुरत नाही, वाहून जातो. रिमझिम मुरते.

आता माझी फजिती सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी वाडीच्या टाकीत सेन्सर बसवला. पाणी कमी झालं की मोबाईलवर मेसेज! मी खूश. मामी म्हणाली, "अरे बाळा, टाकी रिकामी हे तर आम्हाला तोटीच्या आवाजावरनं कळतं. भरायची कशी, ते तुझा मोबाईल सांगतोय का?" मी गप्प. पुढच्या पावसात सेन्सर भिजून बंद पडला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग कागद घेतला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मामीचं पत्र्याचं छप्पर २० चौरस मीटर. आमच्याकडचा पाऊस लोणावळ्याच्या निम्मा, म्हणजे २००० मिलिमीटर धरला, तरी वर्षाला ४०,००० लिटर. पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला माणशी ८ लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या १०० दिवसांना लागतात ४,००० लिटर. छपरावरून वाया जाणाऱ्या पाण्याचा फक्त दहावा हिस्सा!

म्हणून पन्हळ लावली, पाच हजार लिटरची काळी टाकी बसवली. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. टाकी गणपतीच्या सुमारास भरायची. झाकण घट्ट, तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास. पिण्याआधी क्लोरीन किंवा उकळणं. आणि मार्चपर्यंत तोटीला कुलूप. हा शेवटचा नियम मामीचा. मला तो सुचलाच नव्हता.

यानं सगळं सुटलं का? नाही. अंघोळ, धुणं, गुरं यांना झराच लागतो. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर आहे, ते नळानंच यायला हवं, आणि ते मागणं सोडायचं नाही. टाकी म्हणजे नळाला पर्याय नव्हे. पण यंदा मे महिन्यात मामी पहाटे झोपली होती. माझ्या कुठल्याही ॲपनं हे केलं नव्हतं.

कार्ल्याला गेलात तर चैत्यगृह बघून लगेच फिरू नका. कातळात खोदलेली पाण्याची टाकी शोधा. दोन हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी आधी हे ओळखलं, की इथं पाऊस भरपूर आहे, धरून ठेवायला जागा हवी.

आज घरी गेल्यावर एक काम करा. आपलं छप्पर मोजा, गावच्या पावसाने गुणा. आकडा आला की मला व्हॉइस मेसेज टाका. पुढच्या भागात आपण झरा मोजूया, फक्त बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन. तोवर काळजी घ्या, भेटूच!